प्याल्यात उरलेलं

माझी बायको रिबका पातळ फडक्यातून मनुकांचा रस गाळत होती आणि त्रिभुवन गुरुजी दारातच उभे राहून म्हणाले, "साहेब, उद्या प्याला कुणाला द्यायचा नि कुणाला नाही, ते एकदाचं ठरवून टाका. मंडळीत कुजबुज फार वाढलीय."

मी त्यांना आत बोलावलं. ते आले, पण बसले नाहीत. शांतवन त्रिभुवन म्हणजे शाळेचे हेडमास्तर आणि आमच्या मंडळीचे मुख्य पंच. माणूस सरळ, उगाच कुणाच्या वाटेला न जाणारा. म्हणून तर त्यांचं बोलणं झटकून टाकता येत नव्हतं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. सेमिनरीतून धर्मगुरूचं, म्हणजे पाळकाचं, शिक्षण संपवून नुकता बाहेर पडलेला, दोन पेट्या पुस्तकं आणि सातवा महिना लागलेली बायको घेऊन सोनतळ्याला आलेला. नगर जिल्ह्यातलं आडबाजूचं गाव, ख्रिस्ती घरं बारा-तेरा, दगडी भिंतींचं एक देऊळ. आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात. मला वाटायचं, आपण इथं ज्योत पेटवायला आलोय. त्या वयात असलं काहीबाही वाटतं. आज एक्याऐंशी पूर्ण झालीत, आता सांगायला हरकत नाही की मी तेव्हा बोलघेवडा होतो.

कुजबुज होती ती तबिथाबाईंवरून.

तबिथाबाई अमोलिक अठरा वर्षं बायबलबाई होत्या. खांद्याला कापडी पिशवी लावून नऊ गावं पायी हिंडायच्या, बायकांच्या चुलीपाशी बसून शास्त्र वाचून दाखवायच्या, जमलं तर त्यांना अक्षरं शिकवायच्या. गुरुजींच्या बायकोनं पहिलं अक्षर काढलं ते ह्याच बाईंचा हात धरून. मग गालावर चट्टा उठला. बोटांतली जाणीव गेली. तव्यावर हात भाजला तरी कळेना, वास आल्यावर कळलं. महारोग. साडेतीन वर्षं त्या लांबच्या इस्पितळात राहिल्या. त्या तिथं असतानाच नवरा पान लागून, साप चावून गेला. बाईंना पत्र पोचलं सोळाव्या दिवशी. लेक श्रीरामपूरकडं दिलेली. जावयानं कळवलं, आमच्या दारात येऊ नका, आम्हाला चार माणसांत राहायचंय. बऱ्या होऊन परत आल्या तर घरात दीर राहायला आलेला. त्यानं ओढ्याकाठची कडब्याची खोली दिली आणि वर उपकार केल्यासारखं तोंड केलं.

एवढं सगळं होऊन ही बाई दर रविवारी पहिली घंटा होण्याआधी देवळात हजर. सतरंजीवर बसायची नाही. दाराशी स्वतःचं पोतं अंथरायची. भक्ती संपली, सगळे गेले की देऊळ झाडायची आणि जायची.

मी आल्या आल्याच एकदा तिला शहाणपणा करून विचारलं होतं, की बाई, एवढं सोसून तुम्हाला देवाचा राग येत नाही का? प्रवचनासाठी काहीतरी मिळेल असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. ती हसली. म्हणाली, "येतो की. रोज भांडते त्याच्याशी. भांडायला तरी तोच उरलाय, साहेब."

आणि मग तिनं तिचं मागणं मांडलं. पाच वर्षं तिला प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षरसाचा प्याला, मिळालं नव्हतं. इस्पितळात पाळक नव्हता, आणि इथं माझ्या आधीच्या पाळकांनी सांगितलं होतं की बाई, तुम्ही मनातल्या मनात घ्या, देवाला पोचतं. "भूक मनातल्या मनात भागती का?" असं तिनं मला विचारलं. "घर गेलं, माणूस गेला, लेक गेली. ते मी कुणाला मागत नाही. एवढा प्याला तेवढा द्या."

मी शब्द दिला. छाती काढून दिला.

आता ह्यातली अडचण अशी. आमच्या मंडळीत प्याला एकच होता, मिशनऱ्यांच्या वेळचा, चांदीचा मुलामा दिलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो भरायचा आणि हातोहात फिरायचा. आधी पुरुष, मग बाया. प्रत्येकानं दोन्ही हातांत घेऊन घोटभर प्यायचं आणि शेजाऱ्याला द्यायचं. आणि शेवटी जे उरेल ते सांडायचं नाही, टाकायचं नाही. पाळकानं ते पिऊन टाकायचं. भक्ती झाली की आतल्या खोलीत प्याला ताटलीवर उपडा घालायचा, मग गुरुजी किल्ली घेऊन यायचे आणि तो कपाटात ठेवायचे. ही रीत कुणी घालून दिली माहीत नाही, पण शंभर वर्षांत मोडलेली नव्हती.

गुरुजींचं म्हणणं होतं, बाईंना भाकर द्या, प्याला नको. किंवा त्यांना वेगळी पितळी वाटी करा. मी म्हणालो, वेगळी वाटी केली तर ते प्रभुभोजन कसलं, ते तर गावातल्या हॉटेलातली वेगळी कपबशी झाली. आपल्या आजा-पणजांनी ती कपबशी सोसलीय, हे मी त्यांना ऐकवलं. गुरुजींचा चेहरा उतरला. मी कपाटातून इस्पितळाच्या डॉक्टरचं पत्र काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की रोग थांबलेला आहे, बाईंपासून आता कुणालाही धोका नाही. गुरुजींनी ते दोनदा वाचलं.

"मला पटतं," ते म्हणाले. "पण बायांना पत्र वाचून दाखवू का? त्या प्याला तोंडाशी नेणार नाहीत, पुढच्या महिन्यात देवळातही येणार नाहीत."

मग मीच तोड काढली. बाई सगळ्यांच्या शेवटी घेतील. त्यांच्यानंतर प्याला कुणाकडं जाणार नाही, फक्त माझ्याकडं येईल. उरलेलं मी पिणार, म्हणजे भ्यायचं कुणाला कारणच नाही. आणि पिऊनही पाळकाला काही झालं नाही हे दिसलं, की पुढं बाईंना रांगेत बसवायचं.

गुरुजींनी विचारलं, "तुम्ही पिणार ना नक्की?"

"पिणार."

"मग माझं काही म्हणणं नाही. पण साहेब, तुम्ही माघार घेतलीत तर बाई कायमच्या दाराबाहेर जातील. मग मलाही काही करता येणार नाही."

ते गेले.  रिबकानं फडकं पिळलं, रसाचं भांडं झाकलं आणि हात पुसत म्हणाली, "अहो, माझ्या पोटात लेकरू आहे. एवढंच सांगते." मी तिलाही डॉक्टरचं पत्र वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी ते मी माझ्यासाठीच वाचत होतो. झोपायच्या आत चार वेळा वाचलं.

रविवारी देऊळ भरलं होतं. एरवी न येणारेही आले होते. मी प्रभूनं कुष्ठरोग्याला हात लावला त्यावर बोललो, आणि असा बोललो की बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. मलाच माझं बोलणं आवडत होतं. मग प्याला फिरला. आधी पुरुषांच्या रांगा, मग बायांच्या. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीनं तो माझ्या हातात आणून दिला आणि मी दाराकडं बघून म्हणालो, "तबिथाबाई, या."

ती पोत्यावरून उठली. लुगडं धुऊन नेसली होती. सगळ्यांच्या मधून चालत पुढं आली, तेव्हा दोन्हीकडच्या बायांनी पदर आवरून घेतले. ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली, मंडळीकडं पाठ करून. बोटं आत वळलेली, त्यामुळं प्याला धरता येईना. मी तो तिच्या तोंडाला लावायला हवा होता. मला सुचलं नाही म्हणू, की मी सुचू दिलं नाही म्हणू? तिनं दोन्ही मनगटांत तो दाबून धरला, घोटभर प्यायली आणि डोळे मिटून तशीच बसली. मग पदराचं टोक घेऊन प्याल्याची कड नीट पुसली. माझ्यासाठी पुसली. आणि प्याला वर केला.

मी तो घेतला.   डॉक्टरचं पत्र पाठ होतं आणि त्यातलं एक अक्षर आठवेना. आठवत होतं ते रिबकाचं पोट. मी प्याला तोंडाशी नेला, ओठ घट्ट मिटले आणि मान मागं टाकली. दोन-तीन क्षण तसाच राहिलो. मग प्याला खाली घेतला, त्यावर पांढरं फडकं टाकलं आणि शेवटचं गीत सांगितलं.

चाळीस माणसांनी मला पिताना पाहिलं. कुणाला संशय आला नाही. पण ती समोर, खाली बसलेली होती, तिचं तोंड वर होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मान खाली घातली आणि आपल्या पोत्यावर जाऊन बसली.

गीत संपलं. मी प्याला घेऊन आतल्या खोलीत आलो. फडकं काढलं तर प्याल्यात दोन-तीन घोट रस तसाच. काय करावं सुचेना. खिडकीतून ओतावा तर बाहेर बाया उभ्या. प्यावा तर आता एकटा असूनही हात वर जाईना. आधी सगळ्यांसमोर भ्यालो होतो, आता माझा मीच भीत होतो. तेवढ्यात गुरुजींचा आवाज आला. ते दारात कुणाशी तरी बोलत होते आणि किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. ते आत येतील, प्याला बघतील, आणि संपलंच. माझी अब्रू गेली असती त्याचं काही नाही, पण बाई जन्माची दाराबाहेर गेली असती. एवढं कळत होतं तरी मी खांबासारखा उभा होतो.

मागच्या दारानं तबिथाबाई आत आली. ह्या खोलीत ती कधी पाऊल टाकायची नाही. तिनं प्याल्यात डोकावून पाहिलं.  मनगटांत प्याला धरला आणि सगळा पिऊन टाकला, शेवटच्या थेंबापर्यंत. मग तो ताटलीवर उपडा घातला.

"भीती एकदम जात नसती, साहेब," ती हळूच म्हणाली. "मला पहिल्यांदा चट्टा दिसला, तेव्हा मीसुद्धा माझ्या लेकीला जवळ घ्यायची थांबले होते. वाईट वाटून घेऊ नका." आणि कोपऱ्यातला झाडू उचलून मागच्या दारानं गेली.

गुरुजी आले. उपड्या प्याल्याकडं त्यांनी पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते. "मानलं तुम्हाला, साहेब. पुढच्या महिन्यापासून बाई रांगेत बसतील. मी बघतो कोण बोलतं ते."

तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "सगळी देवाची कृपा."

घरी रिबकानं विचारलं, प्यालात का. प्यालो म्हणालो. त्या दिवसापासून माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा झाला. अंथरूण पडवीत आलं. लेक जन्मेपर्यंत मी जे केलंच नव्हतं त्यापायी वेगळ्या ताटात जेवलो. हसायला येतं आता, तेव्हा येत नव्हतं. आणि रोज जेवताना मनात यायचं, की आपल्याला हे दोन-तीन महिने सोसायचंय, ती पाच वर्षं सोसतेय.

म्हणून पुढच्या महिन्यासाठी मी मनाची तयारी केली. उपास धरला. काही झालं तरी पिणार म्हणजे पिणार. बाई आता सतरंजीवर होती, बायांच्या रांगेत सगळ्यात शेवटी. तिच्या नि शेजारणीच्या मधे हातभर जागा होती, पण सतरंजी एकच. प्याला घेऊन मी तिच्यापाशी गेलो आणि ह्या वेळी मात्र वाकून स्वतः तिच्या तोंडापाशी धरला. तिनं प्याल्यावर मान खाली घातली. लोकांना वाटलं प्यायली. पण तिनं ओठ लावले नाहीत. मला तेवढंच ऐकू येईल असं म्हणाली, "मागल्या खेपेला मी तुमच्या वाटचंही घेतलंय. ह्या वेळी तुम्ही घ्या."

मी काय करायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. बाई, आधी तुम्ही घ्या, म्हणायचं आणि तिथंच उभं राहायचं. मी प्याला उचलला आणि सुटल्यासारखा घटाघटा प्यालो. सगळ्यांसमोर, घसा हलवून. आणि इतकं हलकं वाटलं मला, की त्या हलकेपणाची लाज अजून गेलेली नाही.

पुढच्या महिन्यात तेच झालं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. दर महिन्याला मी आदल्या शनिवारी ठरवायचो आणि रविवारी ती मान खाली घालायची आणि मी प्यायचो. ती कधी रागानं बोलली नाही, की टोमणा मारला नाही. माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला आली, लांबूनच बघून गेली. वर्षभरानं शेजारणीनं मधली जागा मिटवली. दुसऱ्या वर्षी कुणीतरी तिला घरी जेवायला बोलावलं. गाव तिला परत घेत होतं आणि ज्या एका गोष्टीसाठी तिनं हे सगळं मांडलं होतं, ती माझ्यामुळं तिच्या तोंडात जात नव्हती. साडेतीन वर्षं. प्रत्येक पहिल्या रविवारी ती आली. एकही चुकवला नाही.

मग एका मे महिन्यात तिच्या पायात काटा मोडला. पायाला जाणीव नाही, त्यामुळं तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजला होता. गुरुजींनी तालुक्याच्या डॉक्टरला आणलं. त्यानं धनुर्वात सांगितला, उशीर झाला म्हणाला, आणि हात धुऊन गेला.

मी प्याला घेऊन एकटाच तिच्या खोलीवर गेलो. दुपारचे दोन वाजले असतील, ऊन मी म्हणत होतं. ती खाटेवर ताठलेली होती. दातखीळ बसलेली, डोळे उघडे. मी गुडघ्यांवर बसलो आणि म्हणालो, "बाई, आज आधी तुम्ही. मी तुमच्या मागून घेणार आहे."  तिचं डोकं मांडीवर घेतलं, पहिल्यांदाच हात लावला तिला, आणि प्याला ओठांना टेकवला. रस दातांपाशी गेला आणि तिथूनच परत आला. हनुवटीवरून मानेवर उतरला, तिथून माझ्या सदऱ्यावर. मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिच्या अंगाला असा झटका आला की मी प्याला बाजूला घेतला. मग जे उरलं होतं ते मी प्यालो, तिचे ओठ लागले होते त्या कडेनंच प्यालो. तिनं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. डोळे उघडे होते.

मला काही झालं नाही. त्यानंतर पन्नास वर्षं झाली, अंगावर साधा चट्टा उठलेला नाही.

ती त्याच दिवशी संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला माती दिली. सगळी मंडळी होती. बाईंची लेकही आली होती, तोंडावर पदर घेऊन लांब उभी होती. मी वाचायला पुस्तक उघडलं तेवढ्यात गुरुजी पुढं झाले आणि म्हणाले, मला दोन शब्द बोलायचेत. तबिथाबाईंच्या श्रद्धेबद्दल ते चांगलं बोलले. मग माझ्याकडं वळले.

"पण बाईंना ज्यांनी आपल्यात परत आणलं, ते हे आपले पाळकसाहेब," ते म्हणाले. "साडेतीन वर्षं ह्या माणसानं बाईंचा उष्टा प्याला प्यायला. आपण सगळे भ्यालो, हे भ्याले नाहीत. बाईंनी विश्वास राखला तो ह्यांच्या आधारावर."

लोकांनी माना हलवल्या. लेकीनं तोंडावरचा पदर काढला, माझ्यापाशी आली आणि सगळ्यांदेखत वाकून माझ्या पायाला हात लावला. मी तिला सांगायला हवं होतं की पोरी, उठ, तुझ्या आईला उपाशी ठेवलंय मी. ती वर बघत होती, मी काय म्हणतो ते ऐकायला थांबली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि पुढचं वाचायला लागलो.